छोट्या कंपनीचा फायरवॉल बदलताना

फायरवॉल म्हणजे कंपनीचे आतले नेटवर्क आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामधली वेस. आत येणारे आणि बाहेर जाणारे प्रत्येक पॅकेट या वेशीतून जाते आणि लिहून ठेवलेल्या नियमांप्रमाणे सोडले किंवा अडवले जाते. दहा ते शंभर माणसांच्या कंपनीत हे काम बहुधा एका पुस्तकाएवढ्या पेटीकडे असते. ती फायबरच्या मोडेमशेजारी, कधी भिंतीवरच्या रॅकमध्ये तर कधी अकाउंट्सच्या टेबलाखाली ठेवलेली असते आणि नेट बंद पडेपर्यंत तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. म्हणूनच ती बदलण्याची वेळ आली की निर्णय घाईत होतो. डीलर एक मॉडेल सुचवतो, तेच घेतले जाते आणि पुढची पाच वर्षे त्या निवडीचे बरे-वाईट परिणाम सगळ्या कार्यालयाला भोगावे लागतात. खरे तर ही निवड फार अवघड नाही. जुन्या पेटीवर काय चालू आहे, नवी पेटी सांभाळणार कोण आणि तिचे अपडेट किती वर्षे मिळणार, या तीन गोष्टी आधी निश्चित केल्या तर मॉडेलचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो.

बदलण्याची वेळ

फायरवॉल बदलण्याची कारणे साधारण तीन असतात. इंटरनेटची लाइन वाढते आणि जुनी पेटी तिला पुरी पडत नाही. लायसन्सचे रिन्युअल इतके महाग होते की नवी पेटी घेणे परवडते. तिसरे कारण म्हणजे निर्मात्याने त्या मॉडेलचा सपोर्ट बंद केलेला असतो. पहिल्या दोन कारणांसाठी काही महिने थांबले तरी चालते, तिसऱ्यासाठी थांबता येत नाही.

निर्माता प्रत्येक मॉडेलबाबत काही तारखा जाहीर करतो: विक्री कधी थांबणार, नव्या फर्मवेअर आवृत्त्या कधीपर्यंत येणार आणि सपोर्ट पूर्ण कधी संपणार. त्यातली शेवटची तारीख उलटली की पेटी वरकरणी पूर्वीसारखीच चालते, दिवे हिरवे असतात, नेटही येते. पण त्यानंतर सापडलेला दोष कधीच दुरुस्त होत नाही. सिस्कोच्या छोट्या व्यवसायांसाठीच्या आरव्ही मालिकेत हे उघडपणे दिसले. सप्टेंबर २०२२ मध्ये आरव्ही ११०डब्ल्यू, आरव्ही १३० आणि आरव्ही २१५डब्ल्यू या राउटरमधला एक दोष जाहीर झाला, तेव्हा ही मॉडेले मुदत संपलेली असल्याने दुरुस्ती देणार नसल्याचे कंपनीने सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये आरव्ही ०४२ आणि त्याच्या भावंडांबाबतही तेच घडले. त्यावर उपाय एकच होता: पेटी बदलणे.

महाराष्ट्रातल्या लहान कार्यालयांत अहमदाबादच्या सायबरोमच्या पेट्या एके काळी ठिकठिकाणी दिसत. ती कंपनी २०१४ मध्ये सोफोसने विकत घेतली आणि हळूहळू ग्राहकांना सोफोसच्या प्रणालीकडे नेण्यात आले. पुढे सोफोसच्या एक्सजी मालिकेतल्या पेट्यांचीही मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. त्याच कंपनीच्या यूटीएम ९ या जुन्या प्रणालीसाठी ३० जून २०२६ ही अखेरची तारीख ठरली. पेटीखालच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावर ही तारीख पाहायला पाच मिनिटे लागतात. नव्या खरेदीतही हीच तपासणी करावी, कारण विक्री थांबण्याच्या बेतात असलेले मॉडेल मोठी सवलत देऊन खपवले जाते. सवलत चांगली वाटते, पण पेटीच्या आयुष्यातली दोन वर्षे आधीच गेलेली असतात.

आधी जुनी पेटी वाचावी

कोणता फायरवॉल घ्यायचा हे विचारण्याआधी जुन्या फायरवॉलमध्ये काय लिहिले आहे ते वाचावे. हे काम कंटाळवाणे असते, म्हणून बहुतेक ठिकाणी ते टाळले जाते आणि जुने नियम जसेच्या तसे नव्या पेटीत चढवले जातात. जुन्या चुकाही त्यांच्याबरोबर नव्या घरात राहायला येतात.

समजा, भोसरीच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सुटे भाग बनवणारी तीस माणसांची एक कंपनी आहे. कार्यालयात पंधरा संगणक, टॅलीचा एक सर्व्हर, ड्रॉइंग ठेवायला एक नॅस, बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र, बारा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, दोन प्रिंटर आणि पाहुण्यांसाठी वायफाय. जुन्या फायरवॉलचे नियमांचे पान उघडले तर त्यात एकवीस नियम निघतात. पहिले आठ-दहा समजण्यासारखे असतात. चौदाव्याचे नाव नुसते ‘टेंप’ असते: बाहेरच्या कोणत्याही पत्त्यावरून टॅलीच्या सर्व्हरवर, पोर्ट ३३८९, परवानगी. हे रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट. चार वर्षांपूर्वी सनदी लेखापालांच्या कार्यालयाला मार्चअखेरचे काम घरून करायचे होते, म्हणून दोन दिवसांसाठी ते उघडले गेले आणि तसेच राहिले. सतराव्या नियमाने डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला असतो, कारण मालकांना मोबाइलवर कॅमेरे पाहायचे होते. एकोणिसावा नियम ज्या संगणकासाठी लिहिला होता तो संगणक भंगारात जाऊन तीन वर्षे झालेली असतात.

असे पान हे अपवादात्मक चित्र नव्हे. उघडे राहिलेले रिमोट डेस्कटॉप हा खंडणीखोर व्हायरस आत शिरण्याचा नेहमीचा मार्ग आहे आणि लहान कंपनीत टॅलीचा डेटा कुलूपबंद झाला की बिले, जीएसटीचे विवरणपत्र, पगार सगळेच अडते. डीव्हीआरचा धोका २०१६ मध्ये मिराई या बॉटनेटने जगाला दाखवला. मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेऊन त्यांच्याकडूनच मोठमोठ्या सेवांवर मारा करण्यात आला होता.

म्हणून प्रत्येक नियमासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: तो कुणासाठी आहे, अजून लागतो का आणि त्याचे काम अधिक सुरक्षित रीतीने होईल का. बहुतेक आधुनिक पेट्या प्रत्येक नियमातून किती डेटा गेला हेही दाखवतात. महिनाभर शून्यावर राहिलेला नियम बहुधा मेलेला असतो. फक्त तिमाहीला किंवा मार्चअखेरीला लागणारा एखादा नियम त्यात सापडू शकतो, म्हणून काढण्याआधी अकाउंट्समध्ये विचारावे. एकवीस नियमांचे नऊ झाले तर पुढची निवड आणि बसवणूक दोन्ही सोपी होतात.

याच बैठकीत नेटवर्कचे कप्पे कसे पाडायचे हेही ठरते. कार्यालयीन संगणक, सर्व्हर, कॅमेरे आणि हजेरीचे यंत्र, पाहुण्यांचे वायफाय आणि शक्य असल्यास कारखान्यातली यंत्रे यांची वेगवेगळी व्हीलॅन करावीत. मग पाहुण्याच्या लॅपटॉपमधला व्हायरस टॅलीपर्यंत पोहोचत नाही आणि कॅमेऱ्याला नॅसकडे पाहताही येत नाही. सीएनसीच्या नियंत्रकांना जोडलेल्या संगणकांवर अनेकदा जुनी विंडोज असते आणि ती बदलता येत नाही. त्यांना इंटरनेटपासून पूर्ण तोडून फक्त प्रोग्राम ठेवलेल्या फोल्डरपर्यंत वाट द्यावी. व्हीलॅनसाठी स्विचही त्या क्षमतेचा लागतो. साधा अनमॅनेज्ड स्विच असेल तर त्याचा खर्च याच अंदाजपत्रकात धरावा, नाहीतर फायरवॉल येऊनही कप्पे कागदावरच राहतात.

आकडे कसे वाचावेत

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा फायरवॉल थ्रूपुटचा असतो. तो मोठ्या आकाराच्या पॅकेटांवर, बाकी सगळ्या तपासण्या बंद ठेवून मोजलेला असतो. प्रत्यक्षात पेटी घेतली जाते ती त्या तपासण्यांसाठीच. त्यामुळे पाहायचा आकडा खाली, लहान अक्षरात असतो.

फोर्टिनेटच्या फोर्टिगेट ६०एफ या बऱ्याच लहान कार्यालयांत दिसणाऱ्या मॉडेलचे माहितीपत्रक उदाहरणादाखल घेता येईल. फायरवॉल थ्रूपुट १० जीबीपीएस. घुसखोरी रोखणारी आयपीएस तपासणी चालू केली की १.४ जीबीपीएस. त्यात अ‍ॅप्लिकेशन ओळखणे मिळवले की १ जीबीपीएस. व्हायरसची तपासणीही जोडली, म्हणजे ज्याला थ्रेट प्रोटेक्शन म्हणतात ते सगळे चालू केले, की ७०० एमबीपीएस. दहा जीबीपीएसची पेटी खऱ्या कामात ७०० एमबीपीएसची ठरते. यात निर्मात्याने लपवलेले काही नाही, सगळे आकडे एकाच पानावर असतात आणि सगळ्याच निर्मात्यांच्या पानांवर अशी उतरंड दिसते. ग्राहकाने मात्र तुलना करताना शेवटचा आकडा शेवटच्या आकड्याशीच ताडावा. एकाची फायरवॉल गती आणि दुसऱ्याची थ्रेट प्रोटेक्शन गती शेजारी ठेवून केलेला तक्ता कोटेशनांत पुष्कळदा दिसतो आणि तो निरुपयोगी असतो.

लाइन ३०० एमबीपीएसची असेल तर थ्रेट प्रोटेक्शनचा आकडा तिच्या दुप्पट असावा. दुप्पट यासाठी की पाच वर्षांत लाइन वाढते आणि प्रयोगशाळेतला आकडा कार्यालयात पूर्ण मिळत नाही. व्हीलॅनांमधली रहदारीही फायरवॉलमधूनच जाणार असेल तर तीसुद्धा मोजावी. नॅसवरून मोठी ड्रॉइंग उघडणाऱ्या कंपनीत हा भार इंटरनेटपेक्षा जास्त असतो. ‘पन्नास युजरसाठी योग्य’ अशा वर्णनावर विसंबू नये. पन्नास जणांचे कॉल सेंटर आणि पन्नास जणांचे गोदाम यांचा भार सारखा नसतो.

रॅमही पाहावी. फर्मवेअर दरवर्षी जड होत जाते आणि कमी रॅमच्या मॉडेलांतून आधी असलेल्या सुविधा पुढच्या आवृत्तीत काढल्या जातात. फोर्टिनेटने फोर्टिओएस या आपल्या फर्मवेअरच्या ७.६.० आवृत्तीत २ जीबी रॅम असलेल्या छोट्या मॉडेलांवरचे एसएसएल व्हीपीएन, म्हणजे बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये येण्याची एक सुरक्षित वाट, काढून टाकले, ते याच प्रकारचे.

एचटीटीपीएसची तपासणी

आज वेबवरची बहुतेक रहदारी एचटीटीपीएसमधून, म्हणजे बंद पाकिटातून जाते. पाकीट न उघडता फायरवॉलला फक्त पत्ता दिसतो; आतली फाइल व्हायरसची आहे की बिलाची, हे कळत नाही. पाकीट उघडून तपासायचे तर फायरवॉलचे स्वतःचे प्रमाणपत्र प्रत्येक संगणकात बसवावे लागते आणि पेटीवर मोठा भार पडतो. शिवाय काही ठिकाणी ही तपासणी चालतच नाही. बँकांची अ‍ॅप, डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्या सरकारी संकेतस्थळांच्या सुविधा आणि बरीच मोबाइल अ‍ॅप दुसऱ्याचे प्रमाणपत्र दिसताच जोडणी तोडतात. अशांना सूट देणारी यादी करावी लागते आणि ती सतत सांभाळावी लागते.

वीस-तीस माणसांच्या कंपनीत पूर्णवेळ आयटीचा माणूस नसतो. तिथे सगळ्या रहदारीचे पाकीट उघडण्याचा हट्ट धरू नये. जीएसटीचे रिटर्न भरण्याच्या दिवशी टोकन चालले नाही की कुणीतरी घाईने सगळी तपासणीच बंद करून टाकतो आणि ती कायमची बंद राहते. त्यापेक्षा पत्त्यावरून अडवणारे वेब आणि डीएनएस फिल्टरिंग, सर्व संगणकांवर चांगला एंडपॉइंट अँटिव्हायरस आणि वेळच्या वेळी विंडोजचे अपडेट एवढे नीट केले तर कमी खर्चात जास्त संरक्षण मिळते. फायरवॉलकडून सगळेच मागितले की पेटीही महाग होते आणि कामही अर्धवट होते.

लायसन्सचा हिशेब

बहुतेक नामांकित फायरवॉलमध्ये पेटी एकदाच विकत मिळते, पण आयपीएसच्या खुणा (सिग्नेचर), अँटिव्हायरस, वेब फिल्टर आणि सपोर्ट हे वार्षिक सबस्क्रिप्शनवर असते. कोटेशनमध्ये पेटीची किंमत ठळक आणि रिन्युअलची किंमत बहुधा गैरहजर असते. ती लेखी मागावी.

समजा, पहिल्या डीलरने पेटी आणि एका वर्षाचे लायसन्स मिळून ४०,००० रुपये सांगितले आणि पुढे दरवर्षी ३०,००० चे रिन्युअल आहे. दुसऱ्याने पेटी आणि तीन वर्षांचे लायसन्स मिळून ९०,००० सांगितले, पुढच्या दोन वर्षांचे ४०,०००. टेबलावर पहिला प्रस्ताव निम्म्याहून स्वस्त वाटतो. पाच वर्षांची बेरीज मात्र पहिल्याची १,६०,००० आणि दुसऱ्याची १,३०,००० होते. वर १८ टक्के जीएसटी दोन्हींवर लागतो. नोंदणी असलेल्या व्यवसायाला त्याचा परतावा सहसा मिळतो. बसवणूक, वार्षिक देखभालीचा करार आणि लागणारा स्विच हे या बेरजेत मिळवले की खरा आकडा समोर येतो.

लायसन्स संपले तर काय होते हेही आधीच विचारावे. काही पेट्यांत रहदारी चालू राहते, फक्त खुणा जुन्या होत जातात. काहींत वेब फिल्टर सगळीच संकेतस्थळे अडवू लागतो. सिस्कोच्या मेराकीमध्ये सामायिक मुदतीच्या लायसन्स पद्धतीत ३० दिवसांची सवलत संपली की नेटवर्कच थांबते. क्लाउडवरून सांभाळायला मेराकी फार सोयीचे आहे. अनेक शाखा असतील आणि रिन्युअल शिस्तीने होत असेल तर ते जरूर घ्यावे. ज्या कंपनीत रिन्युअलचा चेक तीन महिने सहीसाठी पडून राहतो, तिने मात्र ते टाळावे.

फर्मवेअरचे अपडेट लायसन्सशिवाय मिळतात का, हा प्रश्न वेगळा विचारावा. काही निर्माते सपोर्ट करार नसेल तर सुरक्षेची दुरुस्तीही देत नाहीत. अशी पेटी लायसन्स संपल्याच्या दिवसापासून धोक्याची होते.

लायसन्स नसलेले पर्याय

पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या फ्रीबीएसडीवर आधारलेल्या, मुक्त स्रोताच्या प्रणाली आहेत. पीएफसेन्सपासून २०१५ मध्ये वेगळी झालेली ओपीएनसेन्स दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये नवी मोठी आवृत्ती काढते. दोन-चार नेटवर्क पोर्ट असलेला लहान, पंखा नसलेला संगणक घेऊन त्यावर या चालवता येतात. व्हीलॅन, एक लाइन पडली की दुसरीवर नेणारा फेलओव्हर, आयपीसेक, ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड या पद्धतींचे व्हीपीएन, आयपीएस हे सगळे त्यांत मिळते आणि पेटी बिघडली तर कॉन्फिगरेशनची फाइल दुसऱ्या संगणकावर चढवून तासाभरात काम सुरू करता येते. लॅटव्हियाच्या मायक्रोटिकची पेटी याहून स्वस्त असते आणि तिला वार्षिक लायसन्स लागत नाही. राउटर आणि नियमांचा फायरवॉल म्हणून ती दणकट आहे, पण व्हायरस किंवा वेब तपासणीची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

हे पर्याय स्वस्त आहेत म्हणून निवडू नयेत. ते समजणारा माणूस जवळ असेल तरच निवडावेत. कंपनीतच एखादा जाणकार असेल किंवा गावात ओपीएनसेन्स रोज हाताळणारा व्यावसायिक असेल, तर लायसन्सच्या पैशांत त्याचा वर्षाचा करार होतो आणि कंपनीचे भलेच होते. असा माणूस नसेल आणि मालकांच्या पुतण्याने एका रविवारी ते बसवून दिले असेल, तर तो पुतण्या नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यावर ती पेटी कुणालाच उघडता येत नाही.

व्हीपीएन आणि बाहेरून दिसणारे दार

गेल्या काही वर्षांत हल्लेखोरांनी फायरवॉलच्या मागे असलेल्या संगणकांइतकेच लक्ष फायरवॉलवर दिले आहे. एप्रिल २०२० मध्ये सोफोसच्या एक्सजी फायरवॉलवर हल्ला झाला, तेव्हा ज्या पेट्यांचे अ‍ॅडमिन पान किंवा युजर पोर्टल इंटरनेटवर उघडे होते, त्यांच्यावर तो चालून गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्टिगेटच्या सुमारे ८७,००० पेट्यांच्या एसएसएल व्हीपीएनचे पासवर्ड उघड झाले. ज्या दोषातून ते चोरले गेले त्याची दुरुस्ती २०१९ मध्येच आली होती. अनेकांनी ती उशिरा बसवली आणि बसवली तरी पासवर्ड बदलले नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये पालो अल्टोच्या ग्लोबलप्रोटेक्ट या व्हीपीएनमध्ये गंभीर दोष निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सोनिकवॉलच्या क्लाउडवर ठेवलेल्या कॉन्फिगरेशनच्या प्रती चोरीला गेल्या. आधी पाच टक्क्यांहून कमी ग्राहकांचा उल्लेख झाला, पुढे ती बॅकअप सेवा वापरणारे सगळेच त्यात आले.

कोणताही निर्माता यातून सुटलेला नाही, त्यामुळे ‘दोष न निघणारा’ ब्रँड शोधण्यात वेळ घालवू नये. निवडताना पाहायचे ते असे की दोष निघाल्यावर कंपनी किती लवकर आणि किती स्पष्ट सांगते, दुरुस्ती आपोआप बसते का आणि ती बसवायला किती वेळ लाइन बंद ठेवावी लागते. अपडेट बसवणे अवघड असलेली पेटी कितीही नामांकित असली तरी लहान कंपनीच्या उपयोगाची नाही.

अ‍ॅडमिन पान बाहेरून कधीही उघडे ठेवू नये. डीलरला दुरून काम करायचे असेल तर त्याने व्हीपीएनमधून यावे. घरून काम करणाऱ्यांनीही रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट न वापरता व्हीपीएनमधूनच यावे आणि त्यावर दुहेरी ओळख, म्हणजे पासवर्डबरोबर मोबाइल अ‍ॅपचा कोड, सक्तीची असावी. या दुहेरी ओळखीसाठी वेगळे पैसे पडतात का, किती युजरांना ती मोफत मिळते, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे. एसएसएल व्हीपीएनवर नवी व्यवस्था उभारताना विचार करावा. फोर्टिनेटने ७.६.३ आवृत्तीपासून त्याचा टनेल मोडच काढून टाकला आणि ग्राहकांना आयपीसेककडे वळवले. आज आयपीसेक किंवा वायरगार्डवर उभारलेली व्यवस्था पाच वर्षे टिकण्याची शक्यता जास्त.

व्हीपीएनसाठी सार्वजनिक, शक्यतो स्टॅटिक आयपी लागतो, ही गोष्ट अनेकदा पेटी आल्यावर लक्षात येते. साध्या ब्रॉडबँड जोडणीत पुष्कळ कंपन्या एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात. अशा जोडणीवर बाहेरून आत येणारी व्हीपीएन चालत नाही. फायरवॉलची ऑर्डर देण्याच्या दिवशीच इंटरनेट कंपनीकडे स्टॅटिक आयपीची मागणी नोंदवावी. राखीव म्हणून दुसरी लाइन घेतली तर ती वेगळ्या कंपनीची आणि जमल्यास वेगळ्या वाटेने आलेली असावी. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर एका जेसीबीने दोन्ही तुटतात.

लॉग आणि कायदा

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश छोट्या कंपन्यांनाही लागू आहेत. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना ते पाळण्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत देण्यात आली होती. त्यांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवावे लागतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावी लागतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. कामगारांची आधार आणि बँकेची माहिती ठेवणारी लहान कंपनीही या कायद्याच्या कक्षेत येते.

याचा फायरवॉलच्या निवडीशी थेट संबंध आहे. लहान पेट्यांत लॉग साठवायला बहुधा जागाच नसते आणि वीज गेली की आधीचे लॉग पुसले जातात. वर उल्लेखलेल्या ६०एफमध्ये डिस्क नाही; ६१एफ या जोडमॉडेलमध्ये १२८ जीबीची एसएसडी आहे. मॉडेल क्रमांकातला तो एक आकडा कोटेशनमध्ये नीट पाहावा. डिस्क नसलेली पेटी घेतली तर लॉग कार्यालयातल्या नॅसवर सिसलॉगने पाठवावेत. त्याला वेगळा खर्च फारसा येत नाही. निर्मात्याच्या क्लाउडवर लॉग ठेवायचे असतील तर किती दिवस राहतात आणि कोणत्या देशात, हे लेखी विचारावे. फुकटच्या योजनेत ते बहुधा थोडे दिवसच राहतात.

डीलर, वॉरंटी, चाचणी

पेटी बंद पडली तर बदली पेटी किती तासांत हातात येईल, हा प्रश्न पुण्यात आणि गडचिरोलीत वेगळे उत्तर देतो. ‘पुढच्या कामकाजाच्या दिवशी’ असा करार असला तरी तो कोणत्या पिनकोडपर्यंत पाळला जातो ते विचारावे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या कंपनीने महागड्या करारापेक्षा तेच मॉडेल जास्तीचे घेऊन कपाटात ठेवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. पावसाळ्यात विजेच्या झटक्याने पोर्ट जळण्याचे प्रकार नेहमीचे आहेत, म्हणून मोडेम आणि फायरवॉल दोन्ही यूपीएसवर असावेत, अर्थिंग तपासलेले असावे आणि बाहेरून तांब्याची केबल आत आणणे टाळावे. धुळीच्या कारखान्यात पंखा नसलेली पेटी घ्यावी.

लायसन्स आणि क्लाउड खाते कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदवले जावे, डीलरच्या नव्हे. डीलर बदलला की हा मुद्दा फार महागात जातो. खरेदीआधी आठ-दहा दिवसांची चाचणी मागावी. चांगला डीलर नाही म्हणत नाही. चाचणी महिन्याच्या अकरा किंवा वीस तारखेच्या आसपास, जीएसटीचे काम चालू असताना घ्यावी म्हणजे खरा भार कळतो.

बदलाचा दिवस

भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारची. त्या उदाहरणातल्या कंपनीने बुधवारी संध्याकाळी जुन्या पेटीच्या कॉन्फिगरेशनची प्रत काढावी, ती पेनड्राइव्हवर आणि छापील स्वरूपातही ठेवावी आणि गुरुवारी सकाळी काम सुरू करावे. नवी पेटी आधीच टेबलावर मांडून, अद्ययावत फर्मवेअर चढवून, नियम लिहून तयार असावी. गुरुवारी फक्त केबल बदलायच्या असतात.

केबल बदलल्यावर नेट येत नाही, हा पहिला अडथळा जवळजवळ ठरलेला. इंटरनेट कंपनीच्या बाजूला जुन्या पेटीचा मॅक पत्ता लक्षात राहिलेला असतो. फायबरचा मोडेम पाच-दहा मिनिटे पूर्ण बंद करून परत चालू केला की बहुधा प्रश्न सुटतो. न सुटल्यास कंपनीला फोन करून मॅक मोकळा करून घ्यावा. पीपीपीओईची जोडणी असेल तर तिचे युजरनेम आणि पासवर्ड आधीच हाताशी असावेत. जुन्या पेटीत ते ताऱ्यांच्या मागे लपलेले असतात आणि सुटीच्या दिवशी कंपनीचा स्थानिक माणूस फोन उचलेलच असे नाही.

मग एकेक काम प्रत्यक्ष करून पाहावे. टॅली उघडते का, बँकेचे टोकन चालते का, ई-वे बिल निघते का, प्रिंटरवरून स्कॅन केलेली फाइल फोल्डरमध्ये येते का, हजेरीचे यंत्र नोंदी पाठवते का, नॅसवरचा प्रोग्राम सीएनसीपर्यंत जातो का, मालकांच्या मोबाइलवर कॅमेरे दिसतात का, बाहेरच्या मोबाइल डेटावरून व्हीपीएन लागते का. मुख्य लाइनची केबल उपटून दुसरी लाइन आपोआप चढते का, हेही पाहावे. फेलओव्हर बसवला म्हणून चालतो असे धरू नये. बाहेरून पोर्ट तपासून ३३८९ बंद असल्याची खात्री करावी. जुनी पेटी पंधरा दिवस तशीच, जोडता येईल अशा स्थितीत ठेवावी.

पंधरा दिवसांनंतर त्या जुन्या पेटीची विल्हेवाट लावावी. तिच्यात व्हीपीएनच्या गुप्त किल्ल्या, इंटरनेट जोडणीचा पासवर्ड, युजरांची नावे आणि आतल्या नेटवर्कचा पूर्ण नकाशा असतो. २०२३ मध्ये इसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी बाजारातून वापरलेले १८ राउटर विकत घेतले, तेव्हा निम्म्याहून अधिकांत आधीच्या मालकांची अशी माहिती तशीच सापडली. म्हणून फॅक्टरी रीसेट करावा, पेटी परत चालू करून कॉन्फिगरेशन खरोखर गेले आहे ना ते पाहावे, निर्मात्याच्या पोर्टलवरून तिची नोंदणी काढावी आणि तिच्यात असलेले सगळे पासवर्ड नव्या पेटीत बदललेले आहेत याची खात्री करावी. त्यानंतर ती भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवावी आणि त्याची पावती नव्या पेटीच्या बिलाबरोबर फाइलला लावावी.